रिकाम्या खणातला होकार

ऑफिसात तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत आणि पाठ फिरली की आहे-का-बाई. हे नाव कोणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलं होतं. सव्वीस वर्षं बाई एकच प्रश्न विचारत आल्या होत्या. कोणी कोड तपासायला पाठवला की त्यावर बाईंचा शेरा ठरलेला: "आहे का?" बस्स, दोन शब्द. नवा माणूस गोंधळून जायचा. काय आहे का? कोण आहे का? मग कोणीतरी जुनं खोड त्याला बाजूला घेऊन समजवायचं.

बाईंचं काम कर्नलच्या डीबगरचं. शेजारच्या वहिनींना कित्येक वर्षं वाटत होतं की बाई लष्करातल्या कुठल्यातरी कर्नलसाहेबांच्या हाताखाली आहेत, आणि बाईंनीही तो समज खोडून काढायची तसदी घेतली नव्हती. हा कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला सगळ्यात आतला प्रोग्राम. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या जिवावर उड्या मारतात. तोच कोसळला तर शेवटच्या क्षणी आत काय चाललं होतं ते लिहून ठेवायला कोणीतरी हवं. तो डीबगर. घर पेटलेलं असताना आत शिरून पंचनामा करण्यातलं काम. त्या वेळी यंत्राचे बाकीचे कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे त्याचे मेंदू, जागच्या जागी थिजवलेले असतात, एकटा एक कोअर जागा असतो, आणि त्याला कोणाकडे मदत मागायची सोय नसते.

आता हे सगळं ज्यावर बसवलेलं असतं ते बोर्ड शंभर तऱ्हेचे. म्हणून प्रत्येक बोर्डाचा खणांचा एक तक्ता असतो. एकेका खणात बोर्डवाला आपल्या एकेका फंक्शनचा, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचा, पत्ता ठेवून देतो, की बाबा, वेळ आली की मला बोलव. याला म्हणायचं कॉलबॅक. काही खण भरावेच लागतात, काही ऐच्छिक. दिवा लुकलुकवायची सोय आहे? मग भरा. नाही? राहू द्या रिकामा. मेख इथेच आहे. रिकाम्या खणात असतं शून्य, आणि न बघता त्याला कॉल केला तर यंत्र शून्याच्या पत्त्यावर उडी घेतं. तिथे कोणी राहत नाही. पंचनाम्याला गेलेला माणूसच मग खलास. म्हणून खणातला पत्ता आधी एकदाच वाचून हातात घ्यायचा, तो शून्य नाही ना ते पाहायचं, मगच कॉल करायचा. आणि शून्य असेल तर रिपोर्टात स्वच्छ लिहायचं की ही सोय या बोर्डावर नाही. एवढंच बाईंचं म्हणणं. एवढ्यासाठी त्यांनी किती जणांना रडवलं असेल त्याची गणती नाही.

बाईंचा नवरा चष्मे करायचा. बाजारातल्या चिंचोळ्या दुकानात काच घासण्याच्या मशीनपुढे तीस वर्षं बसला आणि एका दुपारी त्याच मशीनवर डोकं टेकून गेला. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, काच जवळून बघतोय. बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा सगळं आटपलं होतं. त्यांनी कागदांवर सह्या केल्या, कोणाला कळवायचं त्याची यादी केली, लेक परगावाहून आली तिला धीर दिला. लोक म्हणाले, बाई खमकी आहे. लोकांचं काय जातं म्हणायला! दाढ काढायला भूल दिली की गाल आपला असून आपला नसतो, चावला तरी कळत नाही, तसं बाईंचं सगळ्या अंगाचं झालं होतं. लेक पंधरा दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आईने केलेल्या भाजीत मीठ नाही. "आई, अळणी आहे गं." बाई म्हणाल्या, "हो का?" आणि तशीच जेवल्या. त्याच्या आधीचे दोन दिवसही अळणीच खाल्लं होतं.

लेक परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बाई कामावर. साहेब, म्हणजे त्यांच्या विभागाचा प्रमुख, वयाने बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, माणूस मऊ. तो म्हणाला, "ताई, अजून महिनाभर घ्या ना." बाई म्हणाल्या, "घरी काय करू?" त्याने त्यांना नव्या बोर्डाचं काम दिलं. कंपनी डायलिसिसची यंत्रं बनवायची, रक्त बाहेर काढून, धुऊन परत शरीरात सोडणारी. त्यांच्यासाठी नवा, स्वस्त बोर्ड आला होता. त्याच्या तक्त्यातले बरेच खण रिकामे होते, आणि डीबगरमध्ये चौदा ठिकाणी असे कॉल होते जिथे आधी बघणं जरुरीचं होतं.

चौदा ठिकाणी चौदा वेळा "आहे का?" लिहायचं. बाईंच्या हाताला ते काम पाठ. पण त्या दिवशी त्यांनी ते केलं नाही. त्यांनी एक छोटं फंक्शन लिहिलं, जे काहीच करत नाही आणि शून्य परत देतं, आणि सगळ्या रिकाम्या खणांत त्याचाच पत्ता भरून टाकला. या धंद्यात परत आलेल्या शून्याचा अर्थ, काम झालं, तक्रार नाही. आता खण रिकामाच नाही, तर बघायचं कशाला? दहा ओळींत काम आटोपलं. दिव्याच्या खणात असला होकार चालतो. दिवा नाही लुकलुकला तर कोणाचं काय बिघडतं? पण एक खण होता "इतर कोअरची अवस्था आणून दे" असा. तिथेही तोच होकार बसला. आणली का? आणली. कुठे आहे? त्याचा पत्ता नाही.

हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर बाईंनी त्याला उभा सोलला असता. साहेबाने तो कोड न वाचताच मान्य केला. ताईंचा कोड, त्यात त्या दिवसांतला. तो कशाला नाक खुपसतोय?

सहा महिने काही झालं नाही. मग पाच आठवड्यांत तीन यंत्रं चालू असताना बंद पडली. तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत. नर्सनी शिताफीने हाताने चाक फिरवून रक्त परत सोडलं, तिन्ही पेशंट वाचले. नव्या बोर्डाची सगळी यंत्रं थांबवली गेली, दवाखान्यांत जुनी परत लावली. तिन्ही रिपोर्ट आले आणि तिन्हींत लिहिलेलं होतं की शेवटच्या क्षणी दुसरा कोअर रक्ताच्या पंपाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पंप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, होता.

पंपाचा ड्रायव्हर लंबूचा. सहा फूट तीन इंच, दारातून येताना सवयीनेच मान झुकवणारा, पस्तिशीचा माणूस. घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. काम चोख, बोलणं कमी. त्याने आपला कोड वाचला, परत वाचला, छापून काढून पेन्सिलीने ओळीन् ओळ खूण करत वाचला. चूक सापडेना. पण रिपोर्ट तर बोट दाखवत होता, एकदा नाही, तीनदा. गुरुवारी वरिष्ठांची बैठक ठरली. तिथे ठपका लागला असता तर नोकरी जाणारच होती, आणि पेशंटच्या यंत्रात घोळ केलेला माणूस म्हणून या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. लंबूचं सगळं त्या गुरुवारावर टांगलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो बाईंच्या टेबलाशी आला होता. "ताई, मला काही दिसत नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे असणार, फक्त मला दिसत नाहीये." बाई म्हणाल्या, "बघ नीट." आणि डबा उघडून जेवायला लागल्या.

सोमवारी सकाळी साहेबाने बाईंना तिन्ही रिपोर्ट एकत्र बांधून द्यायला सांगितलं, बैठकीत मांडायला. बाईंनी ते शेजारी शेजारी लावले. कारकुनी काम, कोणीही केलं असतं. आणि अर्ध्या तासात त्यांचा हात थांबला. दुसऱ्या कोअरची अवस्था तिन्हींत सारखी होती. नुसती ओळ सारखी नव्हे, एकूण एक आकडा सारखा. तीन यंत्रं, तीन गावं, तीन वेगळ्या वेळा, आणि शेवटचा श्वास आकड्यापर्यंत एकच? असं होत नाही. तीन माणसं मरताना एकच शब्द बोलू शकतील, पण तोंडातला घासही तोच कसा असेल?

त्यांनी शोधलं. फार शोधावं लागलं नाही. यंत्र सुरू होताना डीबगर स्वतःची एक चाचणी घेतो, आणि नेमका तेव्हाच पंपाचा ड्रायव्हर उभा राहत असतो. त्या चाचणीत प्रत्येक कोअरने आपणहून भरलेले आकडे एका जागेत पडून राहत होते. पुढे यंत्र खरोखर कोसळलं की डीबगर खणाला सांगायचा, दुसऱ्या कोअरची अवस्था आण. खण म्हणायचा, काम झालं. आणि डीबगर ती शिळी अवस्था ताजी म्हणून छापून मोकळा. या बोर्डावर कुठलंही यंत्र कशानेही कोसळो, नाव लंबूचंच निघणार होतं.

बदल कोणी केला, त्याची नोंद बाईंनी उघडली. तिथे त्यांचंच नाव होतं. तारीख बघून त्यांनी मनात मोजलं. नवरा जाऊन सतरा दिवस झाले होते.

आता तुम्हाला वाटेल, बाईंच्या पायाखालची जमीन सरकली असेल, घाम फुटला असेल. छे! काही झालं नाही. त्यांनी स्क्रीनवरची खिडकी बंद केली, तिन्ही रिपोर्ट साहेबाने सांगितले तसे बांधले आणि ते पाठवून दिले. पाठवून दिले! संध्याकाळी लेकीचा फोन आला. "जेवलीस?" "जेवले." "झोप लागते ना?" "लागते." "काही विशेष?" "नाही गं." यातलं एकही उत्तर खरं नव्हतं, आणि एकही मुद्दाम खोटं नव्हतं.

मंगळवारी त्या आल्या आणि दिवसभर खाली मान घालून दुरुस्ती केली. ते बिनकामाचं फंक्शन उपटून काढलं. चौदाच्या चौदा ठिकाणी पत्ता आधी हातात घेणं, बघणं, मग कॉल, आणि नसेल तर रिपोर्टात "ही माहिती या बोर्डावर मिळत नाही" अशी ओळ. मुद्दाम बोर्ड पाडून पाहिला. सात वेळा पाडला, सातही वेळा डीबगरने खरं सांगितलं. काम इतकं सुबक झालं होतं की शिकवायला वापरावं. समोरच्या टेबलाशी लंबू बसलेला होता. त्याची पाठ दिसत होती.

इथे मला बाईंचा राग येतो, सरळ सांगून टाकावं. अहो, पुरावा सोमवारी सकाळीच हातात होता! दुरुस्ती काय पळून जात होती? पाच पावलांवर माणूस झिजतोय, त्याला उठून सांगायला काय झालं होतं? भीती म्हणावी तर बाईंना भीतीही वाटत नव्हती. नोकरी गेली तरी त्यांच्या भुवया हलल्या नसत्या. सांगायचं तर होतंच. फक्त आजच सांगितलं पाहिजे, आत्ता, असं त्यांना आतून काही ढोसत नव्हतं. ते ढोसणारं जे काही असतं ते आठ महिने गप्प होतं. दुसऱ्याच्या दुखण्याची घाई वाटायला आधी स्वतःचं दुखावं लागतं बहुतेक.

बुधवारी दुपारी त्या साहेबाच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेब खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला. "ताई, पण काल त्याने राजीनामा दिला."

"कोणी?"

"लंबूने. त्यात चक्क लिहिलंय, चूक माझी आहे, मी जबाबदारी घेतो."

"घेऊ नका तो," बाई म्हणाल्या, आणि जाग्यावर येऊन बसल्या.

गुरुवारी बैठक झाली. लांब टेबल, सात जण, एका टोकाला लंबू, मांडीवर हात ठेवून. बाईंनी उभं राहून दहा मिनिटांत मांडलं, आवाज न चढवता, न उतरवता. मधल्या खुर्चीतल्या वरिष्ठांनी विचारलं, "मग यंत्रं का बंद पडली?"

"माहीत नाही. ते कळायची वाट मीच बुजवली होती. आता पुढचं यंत्र पडेल तेव्हा कळेल."

मग साहेब घसा खाकरून म्हणाला, "एक सांगायला हवं. ताईंनी ते काम केलं तेव्हा त्यांच्या घरी नुकतीच... म्हणजे त्या दिवसांत त्यांच्यावर जो प्रसंग होता, तो आपण सगळ्यांनी समजून घ्यायला पाहिजे. आणि मान्यता मी दिली होती, न वाचता."

समजून घेतलं सगळ्यांनी. काहींनी बाईंकडे बघून मान हलवली. बाईंना एक लेखी समज मिळाली. लंबूचं पत्र साहेबाने सगळ्यांसमोर फाडलं. वरिष्ठांनी लंबूशी हात मिळवला. नोकरी राहिली, नाव स्वच्छ झालं. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत एक जण हसलाही.

जिन्यात बाईंनी लंबूला गाठलं. तो दोन पायऱ्या खाली होता, त्यामुळे दोघांचे डोळे एका उंचीवर आले.

"आभारी आहे, ताई," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणी सांगितलंही नसतं. दाबून टाकलं असतं."

त्याने आभार मानले नसते तर बाई कदाचित तशाच निघून गेल्या असत्या. "आभार मानू नकोस," त्या म्हणाल्या. "मला सोमवारीच कळलं होतं."

"सोमवारी?"

"सकाळी. साडेदहाला."

लंबूने कठड्यावर हात ठेवला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हिशेब जुळवणाऱ्यासारखा हळूहळू बोलायला लागला. "सोमवारी रात्री मी ते पत्र लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. तिचा विश्वासच बसेना. म्हणाली, खरंच तुझ्या हातून झालंय? नीट आठव, तुझ्याच हातून? ताई, ती तीनदा विचारत होती. तिला मी नाही म्हणायला हवं होतं. मी तो कोड इतक्या वेळा वाचला होता, त्यात काही नव्हतं, मला माहीत होतं. आणि मी हो म्हटलं."

"का रे?"

"रिपोर्ट म्हणत होता ना. मग तिने विचारलं, माणसांच्या रक्ताचं काम, तुला झोप कशी लागत होती? तेव्हापासून ती पोरीला घेऊन आतल्या खोलीत झोपते. बोलते, जेवायला वाढते. पण बघते ते वेगळंच."

"मी येते तुझ्या घरी," बाई म्हणाल्या. "आत्ता येते. मी सांगते तिला, चूक माझी होती म्हणून. कागद घेऊन येते."

"तुम्ही सांगाल, तिला पटेलही," लंबू म्हणाला. "पण मग ती मला विचारेल, तुझी चूक नव्हती, तर तू हो का म्हणालास? तिला काय सांगू?"

बाईंनी तोंड उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच बरगड्यांच्या खाली कुठेतरी दुखायला लागलं, आधी थोडं आणि मग इतकं की त्या जिन्यातच पायरीवर बसल्या. लंबू घाबरला, "ताई, काय होतंय? पाणी आणू?" म्हणत वाकला. बाई नेहमीसारखं ठीक आहे म्हणायला गेल्या, पण ते शब्द काही आले नाहीत. "दुखतंय रे," त्या म्हणाल्या. "फार दुखतंय." आणि तो माणूस, ज्याचं सगळं त्यांनी मोडून ठेवलं होतं, त्यांच्यासाठी पाणी आणायला जिना उतरून गेला.